पालिका सेवकांचा दवाखाना : खर्च कोणाच्या वहीत?

मुंबई महानगरपालिकेने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी २०१५ साली वैद्यकीय गटविमा योजना सुरू केली आणि दोनच वर्षांत, २०१७ साली, ती बंद पडली. विमा कंपनीने हप्ता वाढवून मागितला, पालिकेला ती वाढ मान्य झाली नाही आणि मधल्यामध्ये लाखाच्या घरातील सेवकवर्ग उघड्यावर पडला. त्यानंतर या विषयावर जी चर्चा झाली ती प्रायः विम्याभोवतीच घुटमळत राहिली : योजना पुन्हा केव्हा सुरू होणार, हप्ता किती असावा, त्याचा भार कोणी उचलावा. ज्या संस्थेची केईएम, नायर आणि शीव ही नामांकित रुग्णालये व त्यांना जोडलेली वैद्यकीय महाविद्यालये आहेत, शंभराहून अधिक दवाखाने आहेत, औषधखरेदीची स्वतःची यंत्रणा आहे, त्या संस्थेचा सेवक आजारी पडू नये, किंवा पडलाच तर वेळीच सावध व्हावा, यासाठी काय करता येईल हा प्रश्न मात्र त्या चर्चेत अभावानेच ऐकू आला.

विमा आणि दवाखाना या गोष्टी एकमेकींना पर्याय आहेत असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. वस्तुतः त्यांचे कार्य निराळे आहे. विमा हा संकट कोसळल्यावर त्याचा आर्थिक भार वाटून घेण्याचा व्यवहार होय. माणूस रुग्णालयात दाखल झाला, बिल झाले, की विम्याचे काम सुरू होते. त्याआधीची दहा वर्षे, ज्या काळात रक्तदाब हळूहळू चढत असतो, रक्तातील साखर वाढत असते आणि माणूस स्वतःला ठणठणीत समजून कामावर जात असतो, ती विम्याच्या खिजगणतीत नसतात. दवाखान्याचे सारे प्रयोजन त्या दहा वर्षांत आहे.

मग प्रश्न असा, की पालिकेची एवढी रुग्णालये असताना सेवकांसाठी वेगळी सोय कशाला? याचे उत्तर घड्याळात आहे. मुंबईतील सफाई कामगार पहाटे साडेसहाच्या सुमारास आपल्या चौकीवर हजेरी लावतो आणि दुपारी दीडच्या आसपास मोकळा होतो. मोठ्या रुग्णालयांचे बाह्यरुग्ण विभाग याच वेळात चालतात. केसपेपर काढण्याची रांग, डॉक्टरांच्या दाराशी रांग, रक्ततपासणीची रांग, औषधांच्या खिडकीशी रांग, आणि अहवाल घेण्यासाठी पुन्हा दुसऱ्या दिवशी फेरी. एका साध्या तपासणीसाठी त्याला एक किंवा दोन खाडे करावे लागतात. कायम कामगाराची रजा खर्ची पडते. कंत्राटी कामगाराचा रोजच बुडतो. पाणीखात्यातील चावीवाला, मलनिःसारण खात्यातील कामगार, अग्निशमन दलाचा जवान, विभाग कार्यालयातील लिपिक, पालिका शाळेतील शिक्षक या सर्वांची थोड्याफार फरकाने हीच अडचण आहे. वर्ग सोडून रुग्णालयाच्या रांगेत उभे राहणे शिक्षकाला जमत नाही. जमले तर चाळीस मुले त्या दिवशी वाऱ्यावर असतात. परिणामी माणूस दुखणे अंगावर काढतो, किंवा घराजवळच्या खासगी डॉक्टरकडून संध्याकाळी दोन दिवसांच्या गोळ्या आणतो आणि मूळ तपासणी तशीच राहून जाते.

ही टाळाटाळ किती महागात पडते याची कल्पना देशपातळीवरील आकड्यांवरून येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या विस्तृत पाहणीनुसार देशातील प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आणि ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले. या दोन्ही विकारांचा विशेष असा, की आरंभी ते दुखत नाहीत. जे दुखत नाही त्यासाठी रजा कोण टाकणार? रक्तदाबाच्या साध्या गोळीची किंमत सर्वसाधारण नावाने घेतल्यास दोन रुपयांच्या आत-बाहेर पडते, म्हणजे वर्षाला सात-आठशे रुपये. तीच गोळी न घेतल्यामुळे अर्धांगवायूचा झटका आला किंवा मूत्रपिंडे निकामी होऊन आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसच्या खाटेवर पडण्याची पाळी आली, तर हिशेब लाखांत जातो आणि घरातील कमावता माणूस बहुधा कायमचा घरी बसतो.

सफाई आणि मलनिःसारण खात्यांतील कामगारांच्या बाबतीत यात आणखी एका थराची भर पडते. धूळ आणि कुजणारा कचरा यांतून होणारे श्वसनाचे विकार, फुटक्या काचांच्या जखमा, त्यांतून संभवणारा धनुर्वात, रुग्णालयीन कचऱ्यातील सुयांमुळे काविळीच्या संसर्गाचा धोका, पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस ही सारी त्यांच्या धंद्याची दुखणी आहेत. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसचे नाव मुंबईकरांच्या तोंडी बसले. पण गुडघाभर पाण्यात उभे राहून गटाराची झाकणे उघडणाऱ्या कामगाराचा तो दर पावसाळ्यातील सोबती आहे. काविळीच्या ब प्रकारावर लस आहे, धनुर्वातावर लस आहे, साचलेल्या पाण्यात काम करणाऱ्यांना लेप्टोपासून काही अंशी वाचवणारी गोळीही आहे. यांपैकी काहीही दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहे ती नोंद : कोणाला कोणती लस केव्हा दिली, दुसरी मात्रा राहिली का, गेल्या वर्षी छातीचा फोटो काढला होता का. अशी नोंद सांभाळणारे ठिकाण चौकीच्या जवळ असले पाहिजे. जेथे रोज नवा डॉक्टर आणि रोज नवा केसपेपर असतो त्या बाह्यरुग्ण विभागात ती राहू शकत नाही.

शहराचे आरोग्य या वर्गाच्या हातांवर किती अवलंबून आहे, याची जाणीव मुंबईच्या कारभाऱ्यांना सव्वाशे वर्षांपूर्वीच झाली होती. १८९६ साली प्लेगची साथ आली आणि लोक शहर सोडून पळू लागले, तेव्हा तत्कालीन म्युनिसिपल कमिशनर स्नो यांना सर्वांत मोठी धास्ती वाटली ती सफाई कामगार निघून जातील याची. ते गेले असते तर शहर राहण्याजोगेच उरले नसते. २०२० साली कोविडच्या टाळेबंदीत सारे शहर दारे लावून बसले असता हाच कामगार रस्त्यावर होता. कोविडने बळी घेतलेल्या कर्मचाऱ्यांच्या वारसांना पालिकेने ५० लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले, ते उचितच होते. परंतु साथीच्या तोंडी जाणाऱ्यांपैकी कोणाला मधुमेह आहे, कोणाचा रक्तदाब चढलेला आहे, म्हणजेच कोणाला आधी मागे घ्यायला हवे, हे मुकादमाच्या हजेरीपुस्तकावरून कळण्याची सोय नव्हती.

खर्चाचा खरा गुंता

दवाखाना काढल्याने पैसे वाचतात काय, हा प्रश्न लेखापरीक्षक विचारणार आणि तो त्याने विचारलाही पाहिजे. मात्र त्या प्रश्नाचे उत्तर, पैसे मुळात कोणाच्या खिशातून जात आहेत, यावर अवलंबून असते. पुणे महानगरपालिकेत अंशदायी वैद्यकीय साहाय्य योजना आहे. कर्मचाऱ्याने ठरावीक वर्गणी द्यायची आणि पालिकेने रुग्णालयाच्या बिलाचा मोठा हिस्सा स्वतः सोसायचा, असे तिचे स्वरूप आहे. ती गुंडाळून विमा आणण्याचा विचार पुढे आला तेव्हा कामगार संघटनांनी त्याला विरोध केला. अशा व्यवस्थेत एका कर्मचाऱ्याचा हृदयविकाराचा झटका टळला तर त्याचे बिल पालिकेच्या तिजोरीतून जायचे वाचते. दवाखान्याचा खर्च आणि वाचलेले बिल या दोन्ही रकमा एकाच वहीत पडतात; तुलना करता येते.

मुंबईत विमा बंद पडल्यानंतरची स्थिती उलट होती. आजारपणाचा बराचसा भार कर्मचाऱ्याच्या अंगावर, त्याच्या पतपेढीच्या कर्जावर आणि बायकोच्या दागिन्यांवर गेला. तिजोरीने जो खर्च केलाच नाही तो दवाखान्यामुळे वाचणार तरी कसा? कागदोपत्री दवाखाना हा निव्वळ वाढीव खर्च दिसणार, आणि एखादा चोख हिशेबनीस तो प्रस्ताव फेटाळून लावणार. त्याच्या वहीत त्याची चूक नसेल. वहीच अपुरी आहे. कर्मचाऱ्याच्या घरातून गेलेला रुपया आणि बुडालेला कामाचा दिवस यांसाठी त्या वहीत रकानाच नाही.

त्या दुसऱ्या रकान्याचा अंदाज साध्या त्रैराशिकाने बांधता येईल. समजा, एखाद्या विभागात दोन हजार कर्मचारी आहेत आणि प्रत्येकाला वर्षातून सरासरी चार वेळा डॉक्टरकडे जावे लागते. जवळच्या दवाखान्यामुळे दर खेपेस अर्धा दिवस वाचला, असे धरले तर वर्षाला चार हजार दिवस वाचतात. कामाचे दिवस तीनशे मानल्यास हे तेरा माणसांचे वर्षभराचे काम झाले. दवाखान्याला एक डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता आणि एक मदतनीस पुरेल. डॉक्टरचे वेतन सफाई कामगाराच्या वेतनाहून पुष्कळच अधिक असते, औषधांचा खर्च वेगळा, हे खरे. तरीही चार माणसांच्या बदल्यात तेरा माणसांचे काम हा व्यवहार अगदीच आतबट्ट्याचा म्हणता येणार नाही. अर्थात हे तेरा जण वेतनपत्रकात दिसणार नाहीत. ते झाडलेल्या रस्त्यात, वेळेवर सुटलेल्या पाण्यात आणि न बुडालेल्या तासिकेत दिसतील.

तथापि दवाखान्याच्या पुरस्कर्त्यांनीही हात आखडता ठेवून बोलणे इष्ट ठरेल. अमेरिकेत अनेक नगरपालिका आपल्या नोकरांच्या उपचारांचा खर्च स्वतः सोसतात, आणि तेथील वैद्यकीय दर अवाढव्य असल्याने कामाच्या ठिकाणी दवाखाना काढण्याची पद्धत तेथे बरीच रुजली आहे. ‘एका डॉलरच्या बदल्यात तीन डॉलर वाचले’ अशा तऱ्हेचे दावे तेथूनच येतात. त्या दाव्यांची छाननी झाल्यावर चित्र पालटले. इलिनॉय विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांवर आणि एका मोठ्या दुकानसाखळीच्या सुमारे ३३ हजार नोकरांवर चिठ्ठ्या टाकून, काहींना आरोग्यवर्धनाचा कार्यक्रम द्यायचा व काहींना द्यायचा नाही, अशा रीतीने केलेल्या पाहण्या २०१९ साली प्रसिद्ध झाल्या. व्याख्याने, व्यायामाच्या स्पर्धा, आहाराची पत्रके यांनी वैद्यकीय खर्चात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, असे त्यांत दिसून आले. पूर्वीच्या पाहण्यांतील मोठ्या बचतीचे रहस्य बरेचसे उघड होते : अशा कार्यक्रमांत आपण होऊन नाव घालणारा माणूस मुळातच प्रकृतीची काळजी घेणारा असतो.

मग सारेच व्यर्थ काय? तसे नाही. पेप्सिको कंपनीच्या सात वर्षांच्या अनुभवाचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात जीवनशैलीच्या उपदेशाने खर्च भरून आला नाही. परंतु ज्यांना आधीच मधुमेह, दमा, हृदयविकार यांसारखे विकार जडले होते त्यांची नियमित देखभाल केल्याने मात्र खर्चाच्या कितीतरी पट बचत झाली. नॅशव्हिल शहराच्या सरकारी शाळांतील शिक्षकांसाठी शाळाखात्याने दवाखाने उघडले होते. त्यांवरील २०१८ च्या अभ्यासात त्या दवाखान्यांचा नियमित लाभ घेणाऱ्या शिक्षकांत रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण आणि एकंदर वैद्यकीय खर्च कमी आढळला. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या प्रगतीत मात्र फरक दिसला नाही. एका दवाखान्याकडून तेवढी अपेक्षा करावी हेही जरा अतीच झाले.

या अनुभवातून आपल्याकडील पालिकांना घेण्यासारखे आहे ते हे, की योगदिनाची बॅनरे आणि वार्षिक आरोग्यशिबिरे यांवर पैसा घालवण्यात हशील नाही. शिबिरात रक्तदाब मोजला जातो, छायाचित्र निघते, वर्तमानपत्रात बातमी येते; ज्याचा रक्तदाब १७० भरला तो महिन्याने औषध घेतो आहे की नाही हे विचारायला कोणी येत नाही. पैसा लावायचा तो या दुसऱ्या भेटीवर, तिसऱ्या भेटीवर. आणखी एक गोष्ट प्रशासनाने आधीच समजून घ्यावी. प्रथमतः खर्च वाढेल. आजवर न सापडलेले मधुमेही सापडतील, न घेतलेली औषधे सुरू होतील, काही जणांना पुढील तपासण्यांसाठी पाठवावे लागेल. दोन वर्षांनी ‘योजना तोट्यात’ असा शेरा मारून दवाखान्याला टाळे ठोकायचे असेल तर तो न उघडलेला बरा.

डॉक्टर कोणाचा?

पैशापेक्षाही अवघड प्रश्न विश्वासाचा आहे, आणि प्रस्ताव तयार करणाऱ्यांचे त्याकडे बहुधा लक्ष जात नाही. मालकाने नेमलेला डॉक्टर हा कामगाराच्या दृष्टीने मालकाचा माणूस असतो. आजारपणाची रजा खरी की खोटी हे ठरवणारा, कामावर रुजू होण्याचे प्रमाणपत्र अडवून धरणारा, वेळप्रसंगी ‘अपात्र’ असा शेरा मारणारा अधिकारी म्हणूनच त्याची ओळख गिरण्यांपासून आगगाडीपर्यंत सर्वत्र आहे. त्याच डॉक्टरपुढे एखादा वाहनचालक आपल्याला मधूनमधून फेफरे येते असे कबूल करील काय? एखादी महिला कामगार आपल्या क्षयाची गोष्ट मुकादमाच्या कानावर जाईल या भीतीने गप्प बसणार नाही काय? दारूचे व्यसन, मानसिक व्यथा, घरातील मारहाण हे तर फारच दूर राहिले.

यावरचा उपाय नवा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९८५ साली व्यावसायिक आरोग्यसेवेविषयी जो १६१ क्रमांकाचा करार केला त्यात स्पष्ट म्हटले आहे, की या सेवेतील वैद्यकीय कर्मचाऱ्यांवर कामगाराच्या गैरहजेरीच्या कारणाची शहानिशा करण्याचे काम सोपवू नये. त्यांना आपल्या कामात पूर्ण स्वातंत्र्य असावे, आणि तपासणी विनामूल्य, शक्यतो कामाच्या वेळात व वेतन न कापता व्हावी, असेही तो करार सांगतो. भारताने या करारावर मोहोर उठवलेली नाही. परंतु एखाद्या महापालिकेने आपल्यापुरता तो नियम पाळायला दिल्लीच्या परवानगीची जरूर नाही. रजेची पडताळणी करणारा डॉक्टर वेगळा, उपचार करणारा वेगळा, आणि उपचाराची कागदपत्रे आस्थापना विभागाच्या हाती लागणार नाहीत, एवढे जाहीर व लेखी झाले तरच दवाखान्यात माणसे येतील. अन्यथा सुसज्ज खोलीत डॉक्टर पेपर वाचत बसेल आणि कामगार पूर्वीप्रमाणेच नाक्यावरच्या डॉक्टरकडे जाईल.

दुसरी अट कंत्राटी कामगारांची आहे. पालिकेचे काम आज केवळ पालिकेचे नोकर करीत नाहीत. मुंबईत कचरा उचलणाऱ्या २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याच्या न्यायाधिकरणाच्या निर्णयावर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये शिक्कामोर्तब केले, तेव्हा ही माणसे वर्षानुवर्षे कायम कामगारांसारखेच काम करीत आली होती, ही गोष्ट सर्वांसमोर आली. जून २०२१ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने महापालिका व नगरपालिकांतील कंत्राटी आणि नैमित्तिक कामगारांना कर्मचारी राज्य विमा योजनेच्या छत्राखाली आणण्याचे पाऊल उचलले. ते योग्यच होते. तथापि राज्य विम्याचा दवाखाना कामगाराच्या चौकीपासून किती लांब आहे आणि कंत्राटदाराने त्याचे नाव खरोखर नोंदवले आहे काय, यावर त्याचे फळ अवलंबून राहते. एकाच गाडीवर कचरा भरणाऱ्या दोघांपैकी एकाला धनुर्वाताची सुई मिळावी आणि दुसऱ्याला ‘तू कंत्राटदाराचा’ म्हणून परत पाठवावे, हा प्रकार माणुसकीला धरून तर नाहीच, पण वैद्यकशास्त्रालाही धरून नाही. क्षयाचा जंतू वेतनपत्रक पाहून शिरत नाही.

आता व्यवहाराचे. नव्या इमारती, नवे फलक, उद्घाटनाच्या कोनशिला यांची मुळीच आवश्यकता नाही. केंद्र सरकारने आपल्या नोकरांसाठी १९५४ साली दिल्लीत जी आरोग्य योजना सुरू केली ती वस्तीवस्तीतील दवाखान्यांच्याच पायावर उभी राहिली. तो पाया आजही टिकून आहे. मुंबईत २०२२ च्या अखेरीस सुरू झालेले ‘आपला दवाखाना’ सकाळी सात ते दुपारी दोन आणि तीन ते रात्री दहा या वेळांत उघडे राहतील अशी आखणी झाली. त्यांतील किंवा जुन्या पालिका दवाखान्यांतील एक ठरावीक तास, दुपारी कामगार सुटतो तेव्हाचा, पालिका सेवकांसाठी राखून ठेवणे. प्रत्येक सेवकाला, मग तो कायम असो वा कंत्राटी, एक आरोग्यपत्रिका देणे. रक्तदाब व साखर तपासणारी एक परिचारिका आठवड्यातून एकदा चौकीवर पाठवणे. आणि ज्याचे औषध चुकले त्याला बोलावून आणण्याची जबाबदारी एका माणसाच्या गळ्यात घालणे, इतक्यावर आरंभ होऊ शकतो. मोठ्या आजारांसाठी विमा किंवा पुण्यासारखी अंशदायी योजना लागणारच. ती दवाखान्याने टळत नाही. लहान नगरपरिषदांना पूर्णवेळ डॉक्टर परवडणार नाही. त्यांनी शेजारच्या ग्रामीण रुग्णालयाशी आठवड्याच्या एका दुपारचा करार करावा.

महाराष्ट्रात लाड आणि पागे समितीच्या १९७५ च्या शिफारशींनुसार सफाई कामगार निवृत्त झाला किंवा सेवेत असताना मरण पावला तर त्याच्या वारसाला त्याची जागा मिळते. बाप गेल्यावर मुलगा त्याच चौकीवर येतो आणि त्याच्या नेमणुकीची फाईल बऱ्याच टेबलांवरून फिरते. त्या फाईलमध्ये बापाच्या मृत्यूचा दाखला असतो, वारसाचे प्रतिज्ञापत्र असते, पोलीस पडताळणी असते. मुलगा हजेरीपुस्तकात पहिली सही करील त्याच सकाळी त्याचा रक्तदाब आणि साखर मोजून आरोग्यपत्रिकेचे पहिले पान भरण्यास मात्र नवी इमारत लागत नाही, विमा कंपनीशी वाटाघाटी लागत नाहीत, आणि शासननिर्णयाचीही वाट पाहावी लागत नाही.